जुन्या नासला पेनड्राइव्हवरून डेबियन: डबा तोच, डोकं नवं

कुळागर

नमस्कार मंडळी. फोंडा तालुक्यातून लिहितोय, त्यामुळे मध्येच गप्प झालो तर लाइट गेली समजा.

घरी दोन डिस्कचा नास आहे, म्हणजे घरच्या नेटवर्कवर फाइली ठेवायचा डबा, २०१५ साली घेतलेला. आत इंटेलचा सेलेरॉन जे१९००, २ जीबी रॅम, मागे एचडीएमआय आणि यूएसबीची तीन भोकं. कंपनीने अपडेट देणं कधीच बंद केलं. नाव घेत नाही, नाहीतर धागा त्याच भांडणात वाहून जाईल. सध्याची गंमत अशी: त्याचं ॲडमिन पान नव्या ब्राउझरमध्ये उघडत नाही, कारण त्याचं टीएलएस, म्हणजे वेबपानाचं कुलूप, जुनं. विंडोजवरून फोल्डर दिसत नाहीत, कारण फोल्डर वाटून घ्यायची जी भाषा, एसएमबी, तिची तो अजून पहिली आवृत्ती बोलतो आणि विंडोज १० ने २०१७ च्या ऑक्टोबरपासून ती मुळात बसवायचीच थांबवली. दुसरी आवृत्ती चालू करायची खूण त्या ॲडमिन पानावर आहे. पान उघडेल तर ना!

पोरगा म्हणतो, विंडोजमध्ये पहिली आवृत्ती परत चालू करू. करता येते. पण २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस ज्या दारातून घुसला ते हेच, ते उघडायला माझा हात धजत नाही.

आत आहे काय, तर बाबांनी १९९२ पासून आमच्या देवळातल्या नाटकांचं, काल्याचं, भजनी सप्ताहाचं केलेलं शूटिंग. आधी व्हीएचएस, मग मिनीडीव्ही. दोन पावसाळे बसून मी ते संगणकावर उतरवलं. सव्वा टीबीच्या वर आहे. डिस्क ३-३ टीबीच्या, रेड १ मध्ये, म्हणजे दोन्हींवर तेच.

विचार असा: बोर्डावरच्या फ्लॅशमधली कंपनीची सिस्टीम आहे तशी राहू द्यायची आणि पेनड्राइव्हवरून डेबियन (लिनक्स) किंवा ओपनमीडियाव्हॉल्ट (नाससाठीची तयार सिस्टीम) चालू करायचं. नाही जमलं तर पेनड्राइव्ह उपटला की डबा पूर्वीसारखा. हे खरंच एवढं सोपं आहे का? आणि डिस्क फॉरमॅट न करता वाचता येतील का?

म्हापशाचा शुक्रवार

नवा घ्या की बाब. दहा वर्षांच्या डब्यात जीव किती अडकवायचा?

कुळागर

नवा घेतला तरी दहा वर्षांनी ह्याच जागी येऊन बसेन. शिवाय बोर्ड ठणठणीत आहे, म्हातारी झालीय ती फक्त सिस्टीम.

मांडवीकाठ

जे१९०० म्हणजे साधा ६४-बिट पीसीच आहे, फक्त डब्याच्या आकाराचा. एचडीएमआय असल्याने अर्धी लढाई जिंकलात. टीव्ही जोडा, यूएसबी कीबोर्ड लावा, चालू करताना डिलीट किंवा एफ२ दाबत राहा. बायोसचं, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगचं, निळं पान आलं की समजा दार उघडं आहे.

कोणती सिस्टीम: ट्रूनास ह्या नासच्या सिस्टीमचं नाव काढू नका, त्याला किमान ८ जीबी रॅम लागते. ओपनमीडियाव्हॉल्ट १ जीबीत चालतं, तेही आतून डेबियनच. तुम्हाला फक्त सांबा (विंडोजला फोल्डर दाखवणारं) हवं असेल तर नुसतं डेबियन, डेस्कटॉपशिवाय. मी तेच करीन.

पण त्याआधी एक प्रश्न. सव्वा टीबीची दुसरी प्रत कुठे आहे?

कुळागर

रेड १ आहे ना.

मांडवीकाठ

रेड म्हणजे बॅकअप नव्हे. एका डिस्कवर चुकून पुसलंत तर दुसरीवर त्याच क्षणी पुसलं जातं. जून २०२१ मध्ये एका मोठ्या कंपनीचे, अपडेट २०१५ मध्येच थांबलेले नेटवर्क डबे लोकांनी सकाळी उघडले तर रिकामे. इंटरनेटवरून कोणीतरी फॅक्टरी रीसेट मारला होता. डिस्क सगळ्या धडधाकट, आत काही नाही.

प्रत झाल्याशिवाय स्क्रूड्रायव्हरला हात लावायचा नाही. मी ह्या धाग्यावर पुढचं काही सांगणार नाही.

कुळागर

ताई, ऐकलं. माळ्यावरून विंडोज ७ चा लॅपटॉप काढला, त्याला हा डबा अजून दिसतो. ४ टीबीची बाहेरची डिस्क आणली आणि रोबोकॉपी ही विंडोजची कॉपी करायची कमांड लावली. लॅपटॉपला यूएसबी २ च असल्याने सेकंदाला ३० एमबीच्या आसपास सरकतंय, म्हणजे साधारण बारा तास. रात्री लावून झोपलो, पहाटे लाइट गेली, सकाळी पोदेर (पाववाला) भोंगा वाजवत आला तेव्हा पुन्हा तीच कमांड मारली. झालेल्या फाइली सोडून पुढे गेलं, तेवढं बरं. संध्याकाळी संपलं.

पेडण्याचा संकासूर

तुमचं नशीब की तुमच्याकडे एचडीएमआय आहे. माझा डबा त्याहून जुना, आत मार्व्हेलची किर्कवूड चिप, म्हणजे एआरएम. स्क्रीनच नाही! बोर्डावर चार पिना असतात, त्यांना यूएसबी-सिरीयल केबल लावायची आणि ११५२०० बॉडच्या वेगावर पुटी हा टर्मिनल प्रोग्राम उघडून बसायचं. केबल ३.३ व्होल्टची हवी आणि तिची व्होल्टेजची तार मोकळीच सोडायची. फक्त ग्राउंड, आरएक्स (ऐकणारी), टीएक्स (बोलणारी). आणि आरएक्स-टीएक्स उलटसुलट, माझा टीएक्स तुझ्या आरएक्सला. पहिल्या दिवशी सरळ जोडल्या आणि तासभर काळ्या पडद्याकडे बघत बसलो.

मग यू-बूट (सिस्टीम चढवणारा बारका प्रोग्राम) थांबवायचं, ‘प्रिंटएनव्ही’ मारून जे येईल ते सगळं आधी फाइलीत उतरवून ठेवायचं, आणि बूटकमांड बदलायची: आधी यूएसबी बघ, नसेल तर जुन्या फ्लॅशकडे जा. मी ती आधी ‘सेव्हएनव्ही’ न करता चालवून बघितली. चुकली असती तर वीज काढून लावली की पुन्हा पूर्वपदावर. चाललं तेव्हाच सेव्ह केलं. (आदेश देवनागरीत लिहिलेत, टाइप करताना रोमनमध्येच करा. मागे एकाने विचारलं होतं.)

एकच अडलं. कर्नल (सिस्टीमचा गाभा) चढायचा, आणि पेनड्राइव्ह जागा व्हायच्या आतच रूट, म्हणजे सिस्टीमचं विभाजन, शोधून ‘सापडत नाही’ म्हणून पॅनिक व्हायचा. बूटच्या ओळीत रूटडीले=१०, म्हणजे दहा सेकंद थांब, घातलं, काम झालं. आमच्या दशावतारात राजा गणपतीच्या आधी येऊन उभा राहिला तर कसं होईल, तसं चाललं होतं.

कुळागर

हाहा. संकासूरबाब, वाचूनच घाम फुटला.

माझं आजचं: डबा उघडला. आत बोर्डावर एका छोट्या यूएसबी पिनांवर नखाएवढी फ्लॅश, ५१२ एमबी, कंपनीची सिस्टीम तिच्यात. पंख्याच्या जाळीत पालीची दोन अंडी! एक रिकामं, एक भरलेलं. भरलेलं अलगद काढून बाहेर जास्वंदीखाली ठेवलं. बायको म्हणाली, संगणकाचं काम म्हणून बसलात ना?

बायोस डिलीट दाबून उघडलं. बूट क्रमात आधी ती फ्लॅश, मग यूएसबी. उलटं केलं. दोन्ही डिस्क काढून बाजूला ठेवल्या, म्हणजे इन्स्टॉल करताना झोपेत चुकीच्या डिस्कवर एंटर जायला नको. डावी-उजवी कोणती ते पेन्सिलीने लिहिलं. एका पेनड्राइव्हवर इन्स्टॉलर, दुसऱ्या १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर डेबियन. चालू झालं! लॉगिन आलं! टीव्हीवर पांढरी अक्षरं बघून आई विचारते, केबल गेली काय रे.

मग डिस्क आत घातल्या, चालू केलं, आणि हे:

“माउंटिंग स्लॅश डेव्ह स्लॅश एसडीए२ ऑन स्लॅश रूट फेल्ड. नो इनिट फाउंड.” खाली कंसात इनिटरॅमएफएस (सिस्टीम चढायच्या आधीचं तात्पुरतं लिनक्स) आणि लुकलुकणारा कर्सर.

डिस्क काढल्या की चालतं. घातल्या की हे. रूटडीले घालून बघितलं, फरक नाही.

म्हापशाचा शुक्रवार

डिस्क जास्त वीज खेचतात, पेनड्राइव्हला पुरत नाही. माझ्या बाहेरच्या डिस्कचं असंच व्हायचं.

मांडवीकाठ

वीज नसेल. तुम्ही ग्रबच्या (डेबियन चढवणाऱ्या प्रोग्रामच्या) ओळीला हात लावलाय का? डेबियन आपण होऊन तिथे यूयूआयडी, म्हणजे विभाजनाचा न बदलणारा नंबर, लिहितं, एसडीए२ लिहीत नाही.

कुळागर

एक व्हिडिओ बघून लावला होता. त्यात तो म्हणाला, लांबलचक आकडा काढून सरळ एसडीए२ लिहा, वाचायला बरं. एफस्टॅबमध्येही (कोणती डिस्क कुठे जोडायची त्याची यादी).

मांडवीकाठ

झालं तर. डिस्क नव्हत्या तेव्हा पेनड्राइव्ह सगळ्यात आधी मोजला गेला, म्हणून तो एसडीए. आता आतल्या साटा डिस्क आधी मोजल्या जातात, त्या एसडीए आणि एसडीबी, पेनड्राइव्ह गेला एसडीसीवर. उद्या अजून एक यूएसबी डिस्क लावली तर आणखी सरकेल. ही नावं म्हणजे बसमधल्या सीटचे नंबर, कोण आधी चढला त्यावर. यूयूआयडी म्हणजे आधार कार्ड.

आता करा असं. त्याच इनिटरॅमएफएसच्या शेलमध्ये ‘बीएलकेआयडी’ टाइप करा. तिथे पेनड्राइव्हच्या दुसऱ्या विभाजनासमोर यूयूआयडी दिसेल, मोबाइलने फोटो काढा. परत चालू करून ग्रबच्या यादीत ‘ई’ दाबा, लिनक्सच्या ओळीत रूट= पुढे यूयूआयडी= आणि तो आकडा, मग एफ१०. हे तेवढ्या वेळेपुरतं. आत गेल्यावर एफस्टॅब आणि ग्रबची फाइल नीट करा आणि ‘अपडेट-ग्रब’.

कुळागर

चाललं!! आकडा फोटोवरून टाइप करताना तीन वेळा चुकलो, ८ आणि बी एकसारखे दिसतात. पण चाललं.

आता डिस्क. भीती वाटते, हात थरथरतोय म्हटलं तरी चालेल.

मांडवीकाठ

बहुतेक डब्यांत आत लिनक्सचीच साधी रेड असते, एमडीएडीएम वाली. प्रत्येक डिस्कवर तीन-चार विभाजनं दिसतील: छोटी कंपनीच्या सिस्टीमची, एक स्वॅपची (रॅम कमी पडली तर वापरायची जागा), आणि मोठी तुमच्या डेटाची. मोठी तेवढी बघायची, बाकीच्यांना हात लावायचा नाही. काही कंपन्या त्यावर एलव्हीएम (विभाजनं सांभाळणारा आणखी एक थर) घालतात आणि त्यात स्वतःची भर टाकतात, तशी असेल तर साध्या डेबियनला ती कळत नाही. मग बाहेरच्या प्रतीवरूनच भरावं लागेल. तुमच्यात ती आहे की नाही ते आता कळेल.

‘एमडीएडीएम’ ला असेंबल आणि स्कॅनबरोबर रीडओन्ली सांगा. मग माउंट करताना (जोडताना) आरओ, म्हणजे फक्त वाचायचं, आणि नोलोड दोन्ही. नुसतं आरओ पुरत नाही: एक्सट४ ही डिस्कवरची फाइल-व्यवस्था आरओमध्येसुद्धा अर्धवट राहिलेली जर्नल (लिहायच्या कामांची नोंद) आधी डिस्कवर उतरवायला बघते. नोलोड दिलं की तीही गप्प बसते.

कुळागर

दिसलं. दिसलं हो.

एलव्हीएम नव्हतंच, रेडवर सरळ एक्सट४. ‘एलएस’ मारल्याबरोबर बाबांनी दिलेली नावं जशीच्या तशी देवनागरीत: कालो ९८, सप्ताह उजवा कॅमेरा, “नाटक दुसरा अंक आवाज नाही”. ही शेवटची मी विसरलोच होतो. त्या वर्षी माइकची वायर पावसात भिजली होती आणि बाबा आठवडाभर कोणाशी बोलले नव्हते.

काही फाइली बाहेरच्या प्रतीशी ‘शा२५६सम’ ने, म्हणजे फाइलींच्या ठशांनी, ताडून बघितल्या. सगळ्या जुळल्या. मग रीतसर वाचता-लिहिता माउंट केलं, सांबा बसवून कमीत कमी एसएमबी २ ठेवलं. विंडोज ११ वर फोल्डर लगेच दिसला.

पेडण्याचा संकासूर

देव बरें करूं! पण पंखा? कंपनीची सिस्टीम गेली की पंख्याला सांगणारं कोणी राहत नाही.

कुळागर

तेच. पंखा पूर्ण जोरात, शेजारच्या खोलीत ऐकू येतो. शिवाय पुढचा हिरवा दिवा लुकलुकतच राहतो, जणू अजून चालूच होतोय.

मांडवीकाठ

दिव्याचं सोडा. कंपनीची सिस्टीम चढून झाली की बोर्डावरच्या बारक्या कंट्रोलरला ‘झालं’ असा निरोप देते. डेबियनला तो निरोप माहीत नाही, म्हणून दिवा वाट बघत बसलाय. काळी टेप लावा.

पंखा महत्त्वाचा. अशा बोर्डांवर बहुधा आयटीईची सुपर-आयओ चिप (पंखा-तापमान बघणारी) असते, तिचा मॉड्यूल ‘आयटी८७’. ‘मॉडप्रोब’ करून ‘सेन्सर्स’ मारा. चिप सापडूनही नकार आला तर एसीपीआय (बोर्डाची वीज-व्यवस्था) ती जागा सोडत नसेल; मग कर्नलच्या ओळीत एसीपीआय-एन्फोर्स-रिसोर्सेस=लॅक्स. फेरे दिसू लागले की ‘पीडब्ल्यूएमकॉन्फिग’, तो एकेक पंखा थांबवून बघतो आणि फाइल बनवून देतो. डिस्कच्या तापमानासाठी ‘ड्राइव्हटेम्प’ मॉड्यूल आहे, नव्या कर्नलमध्ये असतोच. सीपीयूच्या नव्हे, डिस्कच्या तापमानावर पंखा बांधा. मे महिन्यात तुमच्याकडे खोलीतच ३४-३५ अंश असेल, पंख्याला अगदी बंद व्हायची मुभा देऊ नका.

कुळागर

लॅक्स घालावं लागलं. आता पंखा सुमारे ९०० फेऱ्यांवर, डिस्क ४१ अंश. घर शांत.

निवृत्त वायरमन

मला लिनक्समधलं काही कळत नाही, पण पहिल्या पोस्टीत लाइट जाते म्हटलं म्हणून लिहितो. पावसाळा लागताना आणि नंतर ऑक्टोबरात जो गडगडाट असतो त्यात डबे जळतात ते नुसत्या विजेच्या तारेतून नव्हे. राउटरच्या लॅन केबलमधून, टीव्हीच्या केबलमधूनही येतं. एचडीएमआय काम झाल्यावर काढून ठेवा. अर्थिंग तपासा: आपली चिऱ्याची जमीन उन्हाळ्यात सुकून दगड होते आणि अर्थिंगचा खड्डा नावापुरता उरतो. खड्ड्यात पाणी घालत चला. आणि यूपीएस घ्या, यूएसबीची तार असलेला.

मांडवीकाठ

वायरमनकाका बरोबर बोलले. यूपीएसला यूएसबी असेल तर डेबियनवर ‘नट’ बसतं, बॅटरी खाली गेली की डबा स्वतः नीट बंद होतो.

कुळागर

यूपीएस यायच्या आधीच व्हायचं ते झालं. काल दुपारी पावसात तीन वेळा लाइट आली-गेली. संध्याकाळी बघतो तर डबा जुन्याच सिस्टीममध्ये! दिवा हिरवा स्थिर, एसएमबी १, सगळं २०१५. डिस्क तिनेच माउंट केलेल्या. क्षणभर पोटात गोळा आला. घाईघाईने पुढचं बटण दाबून बंद केला.

बायोसमध्ये बघितलं तर तारीख कित्येक वर्षं मागे, बूट क्रम मूळपदावर, आणि यादीतून ‘डेबियन’ हे नावच गायब.

पेडण्याचा संकासूर

तारीख गेली म्हणजे सेल गेला. सीआर२०३२, घड्याळाच्या दुकानात मिळेल.

मांडवीकाठ

सेल हवाच. पण नाव गायब झालं त्याचा उपाय वेगळा. डेबियन ग्रबला स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवतं आणि बायोसला सांगून ठेवतं की मी अमुक ठिकाणी आहे. बायोस विसरलं की संपलं. पण यूएसबीसाठी बायोस एक ठरलेला पत्ता न सांगताही शोधतं: ईएफआय, मग बूट, मग ‘बूटएक्स६४’ नावाची फाइल. ‘ग्रब-इन्स्टॉल’ ला रिमूव्हेबल सांगितलंत की ग्रब तिथे जाऊन बसतो. ‘डीपीकेजी-रीकॉन्फिगर’ करूनही तो प्रश्न विचारला जातो, हो म्हणायचं. पेनड्राइव्हवर डेबियन ठेवणाऱ्याने हे पहिल्याच दिवशी करावं. मीच सांगायला विसरले, चूक माझी.

बूट क्रम मात्र पुन्हा तुम्हालाच लावावा लागेल. किंवा ती नखाएवढी फ्लॅश पिनांवरून काढून पाकिटात घाला, पाकिटावर तारीख लिहा. मग डब्याला दुसरा पर्यायच नाही. ज्यांची फ्लॅश बोर्डावर झाळलेली असते त्यांना हे करता येत नाही, तुमची काढता येते.

कुळागर

तिन्ही केलं. सेल बदलला, रिमूव्हेबल केलं, फ्लॅश काढून बाबांच्या रिकाम्या मिनीडीव्हीच्या डबीत ठेवली. डबीवर आधीच लिहिलेलं होतं “कोरी, वापरू नये”. बरोब्बर बसलं.

मुद्दाम स्विच बंद करून तीनदा बघितलं. तिन्ही वेळा डेबियन.

म्हापशाचा शुक्रवार

पेनड्राइव्ह किती टिकेल पण? माझे सहा महिन्यांत मरतात.

मांडवीकाठ

हा प्रश्न बरोबर आहे. त्याला मारतं ते वाचणं नव्हे, सारखं लिहिणं. फ्रीनासवाले (आताचं ट्रूनास) एके काळी पेनड्राइव्हच वापरा म्हणायचे, पुढे त्यांनीच एसएसडीकडे बोट दाखवलं. एफस्टॅबमध्ये नोएटाइम (फाइल वाचल्याची वेळ लिहू नको), जर्नलडीचा साठा व्होलाटाइल म्हणजे लॉग रॅममध्ये, स्वॅप पेनड्राइव्हवर नाहीच. ओपनमीडियाव्हॉल्टवाल्यांसाठी सारखे लिहिले जाणारे फोल्डर रॅममध्ये ठेवणारा प्लगइन आहे. आणि सगळं लागलं की डबा बंद करून पेनड्राइव्हची ‘डीडी’ ने प्रतिमा काढून ठेवा. मेला की नवा घ्यायचा, प्रतिमा उतरवायची, डबा परत चालू. अजून निश्चिंत व्हायचं तर यूएसबी खोक्यातली छोटी एसएसडी.

एक आगाऊ सूचना: जे१९०० ची पिढी लिनक्सवर कधीकधी काही दिवस चालून अचानक गोठते, लॉगमध्ये काहीच नसतं. तसं झालं तर पेनड्राइव्हला शिव्या देऊ नका. कर्नलच्या ओळीत इंटेल-आयडल-मॅक्स-सीस्टेट=१ घाला. वीज थोडी जास्त खाईल.

कुळागर

अजून गोठला नाही, अकरा दिवस झाले. प्रतिमा काढून बाहेरच्या डिस्कवर ठेवली. बाहेरची डिस्क आता घरात नाही, बहिणीकडे मडगावला. महिन्यातून एकदा आणून ताजी करायची असं ठरलंय.

काल आईला टीव्हीवर ९८ चा काला लावून दिला. पाऊण तास एक शब्द नाही. मग म्हणाली, हा मृदंगावर बसलाय तो आपल्या दुकानदाराचा थोरला, तेव्हा मिशी नव्हती.

पेडण्याचा संकासूर

कालो ९८ ची एक प्रत मला मिळेल काय? पुढच्या आठवड्यात फोंड्याला येतोय.

कुळागर

या की. पेनड्राइव्ह घेऊन या, ३२ जीबीचा तरी. फक्त बूट होणारा आणू नका, डब्याला आता कुठे सवय लागलीय.